पेन्सिलबाईंची वही

आमच्या काँप्युटर क्लासच्या बाईंच्या कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली असे, म्हणून अख्खं म्हसळा त्यांना पेन्सिलबाई म्हणायचं. क्लासात सात काँप्युटर होते, पण बाईंच्या सगळ्या नोंदी एका जाड वहीत, पेन्सिलीने. बाई मूळच्या हरिहरेश्वरकडच्या, पोफळीच्या वाडीवाल्या घरातल्या. शाळेतली चांगली नोकरी सोडून हा उपद्‌व्याप कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मुलींना टायपिंग आलं की ऑफिसात खुर्ची मिळते."

सॉफ्टवेअर बसेनासं झालं की बाजारातल्या दुरुस्तीवाल्यांचं एकच औषध असायचं : फॉरमॅट मारा. बाईंना तो शब्द ऐकवत नसे. "एक पोफळ किडली म्हणून कुणी वाडी तोडतं का?" असं म्हणून त्या पदर खोचून यंत्रासमोर बसत आणि थेट रजिस्ट्री उघडत. रजिस्ट्री म्हणजे काँप्युटरची आतली नोंदवही. कुठलं सॉफ्टवेअर बसलंय, कुठे बसलंय, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी कधीकधी त्याची नोंद तिथेच राहते. मग काँप्युटर समजतो की जुनं अजून घरातच आहे, आणि नव्याला दारातून परत पाठवतो.

ती शिल्लक नोंद हुडकून पुसायची, एवढंच काम. पण एक नोंद चुकीची पुसली तर भलतंच काहीतरी बंद पडतं. म्हणून बाईंचा नियम असा की आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवायची, मग काय पुसणार ते वहीत लिहायचं, शेवटी पुसणाऱ्याचं नाव. आम्ही माउस धरला रे धरला की मागून आवाज यायचा, "लिहिलंस का? मग हात लाव." त्या वहीत बाईंनी स्वतःच्या चुकाही लिहिल्या होत्या, आणि त्या आम्हाला हौसेने वाचून दाखवायच्या.

टायपिंगची सरकारी परीक्षा आमच्याच क्लासात व्हायची. आमच्या वर्षी परीक्षेचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि एकाही यंत्रावर बसेना. "आधीची आवृत्ती काढा" असा संदेश यायचा, आणि आधीची तर आम्ही केव्हाच काढली होती. फॉरमॅट मारावा तर आमचे सरावाचे मोजलेले तास त्याच यंत्रांत साठलेले. ते गेले की परीक्षेला बसताच येणार नव्हतं. माझं तर वर्ष गेलं असतं तर लग्नच ठरलं असतं. आमची भातशेती, घरात चार बहिणी, आणि बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षी न्हाय झाली तर बस झालं."

बाई सकाळपासून एकेका यंत्राला भिडल्या. सहा मार्गी लागली. दुपारी त्या हात धुवायला गेल्या आणि मला काय घाई सुचली कोण जाणे, सातव्या यंत्रावर मीच नोंद पुसली. न लिहिता. पुसली ती शेजारची. मराठी कीबोर्डच बंद पडला. तेवढ्यात परीक्षेआधी यंत्रं तपासणारे साहेब जीपमधून उतरताना दिसले. परीक्षेसाठी तयार होणाऱ्या यंत्राच्या रजिस्ट्रीला विद्यार्थ्याने हात लावला तर त्याला परीक्षेबाहेर काढायचा नियम होता.

"बाई, मी पुसलं. मला वाटलं, तीच हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ऊठ. बाहेर जाऊन बस," एवढंच म्हणाल्या. सकाळी काढलेली प्रत त्यांनी परत चढवली, योग्य नोंद पुसली, आणि साहेबांचा चहा संपायच्या आत सातवंही यंत्र चालू केलं. मी परीक्षा दिली, पास झाले, न्हावा शेव्याला एका मालवाहतूक ऑफिसात लागले. पुढच्या वर्षी परीक्षेचं केंद्र क्लासातून हललं. का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "वरून आलं." मीही तेवढ्यावरच समाधान मानलं, याची आज लाज वाटते.

हल्ली बाईंची नजर जवळजवळ गेली आहे. क्लास बंद आहे, सातवं यंत्र तेवढं घरी ठेवलंय. मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्यावर बसेना, म्हणून मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. बघते तर तोच जुना संदेश. दुरुस्तीवाला फॉरमॅट सांगून गेला होता. बाईंनी वही माझ्या हातात दिली आणि पानं उलटताना माझ्या परीक्षेचं वर्ष समोर आलं. "यंत्र सात. चुकीची नोंद पुसली. पुसणारी : मी स्वतः." खाली साहेबांचा शेरा होता : केंद्रचालकाचा निष्काळजीपणा.

वही साहेबांपासून लपवता आली असती. ती ओळ लिहिलीच नसती तरी कुणाला कळलं नसतं. पण न लिहिणं बाईंना जमणारं नव्हतं, आणि माझं नाव लिहिणंही त्यांना जमलं नाही.

"बाई, हे खोटं आहे," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

"हो. अख्ख्या वहीत तेवढं एकच. राहू दे ते. आधी हे यंत्र बघ."

मी राहू दिलं नाही. त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, ती ओळ खोडून माझं नाव घातलं, आणि मग कोऱ्या पानावर आजची नोंद केली. कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज बाई मान कलती करून ऐकत होत्या.

"लिहिलंस का?"

"लिहिलं, बाई. दोन्ही."

त्यांनी चाचपडत माउस माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मग हात लाव."