मांजरसुंब्याच्या पंगतीतला अर्धा उठलेला मास्तर

माझ्या पोटानं माझ्या दोन नोकऱ्या घालवल्या, आणि त्याही लागायच्या आधी.

निजामाचं राज्य होतं. सरकारी मदरसा मोठ्या गावी, आणि तिथं सगळं शिकवणं उर्दूत. पोरांना मोडी वाचता यावी, पाढे यावेत, म्हणून बाकीची गावं आपापला मास्तर ठेवायची. पगार म्हणजे सुगीला ज्वारी, राहायला मारुतीच्या देवळाची ओसरी आणि जेवण वारानं, म्हणजे आज या घरी, उद्या त्या घरी. आता जे गाव मास्तराला रोज जेवू घालणार, ते त्याला ठेवून घेण्याआधी एकदा जेवू घालून बघणारच. बैल घेताना दात बघतात, मास्तर घेताना घास बघत. माझे पाढे कुठं कुणी विचारले नाहीत.

पहिल्या गावी मी भाकरीची दुरडी रिकामी केली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पाठोपाठ गाडीवाट दाखवली. दिंद्रुडला मी शहाणपणानं वागलो. भाकरी बेतानं खाल्ली; पण पिठलं असं काही जमलं होतं की शेवटी कढईतली खरवड मागून घेतली. घरधन्यानं हात जोडले. म्हणाला, "मास्तर, इद्या लई हाय तुमच्यापाशी. पण आमच्याकडं ज्वारी सालातून एकदाच येती."

तिसरं गाव युसूफ वडगाव. बीडला माझे मामा असत, त्यांनी तिथल्या पाटलांकडं शब्द टाकला होता. निघायच्या दिवशी त्यांनी मला उंबऱ्यातच अडवलं.

"दिवे लागायच्या आत पोच. पाटील उद्या पहाटं सोयऱ्याच्या गावाला निघणार हायेत, तवा निकाल आजच. आन् हात आखडून खा. माझ्यापाशी आता शब्द टाकायला गाव उरलं न्हाई. हे बी गेलं तर घरी जा आन् थोरल्याची गुरं राख."

"आखडूनच खातो, मामा."

"तू दम तरी आखडून घेतलास का बे कधी?"

थोरल्याच्या गुरांत एक म्हैस होती. तिचं माझं लहानपणापासून पटत नसे. ही नोकरी मला मिळायलाच हवी होती.

बीडहून सुटलेल्या मोटारीत मी पार मागच्या बाकावर होतो. ती घाट चढत असताना मला एक युक्ती सुचली. माझ्या फजित्यांचा मूळ झरा शोधत गेलं तर तो अशा एखाद्या युक्तीपाशीच सापडतो. घाट चढून मोटारीच्या तोंडातून वाफ निघू लागली की ती मांजरसुंब्याला थांबायची, पाणी प्यायची. तेवढ्यात उतारूही काहीबाही खाऊन घ्यायचे. मी ठरवलं, इथं अर्धं पोट जेवून घ्यावं. मग वडगावला चिमणीसारखं टिपायला काय जातं? गावकरी म्हणतील, मास्तर म्हणजे ऋषी आहे, वाऱ्यावर जगतो.

चार वाटा फुटतात तिथं मावशीची खानावळ होती. पाचटाचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, मागं दोन चुली. मावशी म्हणजे सगळ्या रस्त्याची मावशी, गाडीवानापासून अंमलदारापर्यंत. उमेदीची वर्षं तिनं लग्नाकार्यातल्या चुलींवर काढली होती, आणि तिथली रीत तिनं जशीच्या तशी छपराखाली आणली होती. दुसऱ्या खानावळीत गिऱ्हाईक आपलं येतं, खातं, उठतं. मावशीकडं पंगत बसायची. सगळ्यांना वाढून झाल्यावर सगळ्यांनी मिळून सुरू करायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर मिळून उठायचं. मधेच एक जण उठला की पंगत मोडली. मग बाकीच्यांनी पुढ्यातल्या अन्नाला हात लावायचा नाही. आणि पत्रावळ रिकामी दिसली की मावशी भरणार. हात आडवा केला तर आमटी हातावर.

जाणती गिऱ्हाइकं म्हणून आधी पंगत न्याहाळत. तरणी माणसं दिसली की बसत. एखादं म्हातारं दिसलं की गुमान चहा पीत आणि पुढच्या पंगतीची वाट बघत. पण मला येसराच्या आमटीचा वास आला होता. डाळी-धान्य भाजून दळलेला तो मसाला उकळीत पडला, की मी न्याहाळत बसणारा माणूस नव्हे. मोकळी जागा दिसली आणि मी मांडी ठोकली.

डावीकडं बंडी घातलेला एक गडी होता, नखांत काळं वंगण. असेल कुणी गाडीवान. उजवीकडं एक आजोबा होते. त्यांनी माझ्याकडं बघून तोंडभर हसून राम राम केला, तेव्हा दिसलं की त्या तोंडात एकही दात नाही.

मावशीनं वाढलं. मी माझं अर्धं पोट केव्हाच भरलं. आजोबांनी तोवर भाकरीचा एक तुकडा मोडून आमटीत बुडवला होता, आणि तो मऊ व्हायची ते वाट बघत होते.

"दोन शेळ्या हायेत माज्या," ते मला म्हणाले. "त्यातली पांढरी लई मानी. हाक मारली तर येत न्हाई."

"असं का?"

"मग काय. ती येईल तवाच येती." त्यांनी तुकडा दाबून पाहिला. अजून मऊ झाला नव्हता.

माझी पत्रावळ रिकामी होती. मावशीनं ती भरली. अन्न टाकणं म्हणजे मावशीचा अपमान, म्हणून मी ती संपवली. संपली म्हणून तिनं पुन्हा भरली. हे रहाटगाडगं माझ्या ध्यानात यायला मला तिसरी पत्रावळ लागली. तोवर अर्ध्या पोटाची हद्द कधीच मागं पडली होती.

तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. पों! पों!

माझ्या पोटात धस्स झालं, म्हणजे जेवढी जागा उरली होती तेवढ्यात. मोटार गेली तर वडगाव गेलं, वडगाव गेलं तर म्हैस. मी आजोबांच्या मदतीला धावलो. त्यांची भाकरी हातात घेतली, भराभर कुस्करली, आमटीत कालवली आणि त्यांच्यापुढं सरकवली.

आजोबांचे डोळे भरून आले. "माज्या सख्ख्या लेकानं कधी भाकर चुरून दिली न्हाई बघ. मावशे, आनखी एक भाकर वाढ गं. हे पोरगं चुरतंय तवर खाऊन घेतो."

मी मावशीला डोळ्यानं खुणावलं, की नको, आजोबांना आता वाढू नको. खूण तिला बरोबर कळली आणि मी मेलो.

"माज्या पंगतीत म्हाताऱ्याला वाढू नगं म्हनतोस?" ती पळी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "कोन्या गावचा हायस रं? तुज्या गावात म्हातारी मानसं उपाशी उठत्यात का?" आणि शिक्षा म्हणून माझ्या पत्रावळीवर दोन पळ्या आमटी आणि आख्खी भाकरी पडली.

पों! पों! पों!

आता माझा धीर सुटला. मी उठलो. म्हणजे तसं पुरतं नाही. मांडी सोडली, टाचांवर भार दिला, बूड जमिनीपासून वीतभर उचललं, आणि सगळी पंगत माझ्याकडं बघू लागली. सगळ्यांचे हात तोंडाजवळ जागच्या जागी थांबले. एकाच्या बोटांतून वांग्याची फोड खाली पडली, तीही जपूनच.

"हालू नगं!" मावशी ओरडली. "हाय तसाच ऱ्हा!"

मी होतो तसाच राहिलो. आणि पंगतीनं माझा न्याय सुरू केला.

"उठला त्यो," पलीकडचा एक शेतकरी खिन्नपणे म्हणाला. "बूड उचललं म्हंजी उठला. माजं अजून वांगं ऱ्हायलंय."

"गुडघे सरळ झाले का?" डावीकडचा वंगणवाला म्हणाला. "न्हाई झाले. गुडघे वाकलेलं मानूस उठलेलं न्हाई. मग आमी शेतात बसतो तवा काय उभं असतो का?"

"शेताचं इथं काढू नगंस, जेवतोय आमी."

"हात बघा की त्याचा. उष्टा हात पत्रावळीला टेकलाय का?"

सगळ्यांनी वाकून बघितलं. माझी करंगळी अजून पत्रावळीला टेकलेली होती. आजोबांनी तेवढ्यात एक तुकडा गिळून आपलं मत दिलं. "करंगळी हाय तवर मानूस पंगतीत हाय."

"बस खाली," मावशी म्हणाली.

मी बसलो. सगळे हात पुन्हा तोंडाकडं गेले. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "अहो, माझी मोटार चाललीय! वडगावला आज पोचलो नाही तर माझी नोकरी गेली!"

वंगणवाल्यानं सावकाश ठेच्याचं बोट चाटलं. "कोन्ती मोटार?"

"ती काय, बाहेर भोंगा वाजतोय ती!"

"त्यो भोंगा पुढच्या शिटावरचे रेशमी फेट्यावाले दाबतेत. बसून बसून कट्टाळा आला की दाबतेत. मोटार जाईल कशी?"

"का नाही जाणार?"

"कावून म्हंजी? डायवर तर हितं जेवतोय."

पंगत हसली ती अशी हसली, की आजोबांच्या तोंडातला मऊ झालेला घास परत बाहेर आला आणि त्यांना तो पुन्हा सुरुवातीपासून खावा लागला. त्या सगळ्या वेळात मावशीनं माझी पत्रावळ आणखी किती वेळा भरली, ते मी बघितलं नाही. मी मुकाट्यानं खात होतो. मोटार जात नाही म्हटल्यावर आमटीची चवही पुन्हा लागायला लागली होती, हे कबूल करायला हवं.

वडगावला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. मोटारीतून मला ज्वारीच्या पोत्यासारखं दोघांनी धरून उतरवलं. पाटलांच्या ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दाराआतल्या ओसरीवर, गावातली चार जाणती माणसं बसलेली. राम राम झाला, मामांची खुशाली झाली, आणि ताट आलं. भरल्या वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, सायीचं दही आणि तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्या. सगळ्यांची नजर माझ्या हातावर.

मी एक तुकडा मोडला. तोंडाजवळ नेला. आत जागा नव्हती. तोंडात नव्हती, घशात नव्हती, कुठंच नव्हती. मी तो तुकडा पुन्हा ताटात ठेवला.

"कावून मास्तर?" पाटील म्हणाले. "तिखट झालं का?"

"नाही नाही. उत्तम आहे."

"न खाता कसं कळलं?"

एक जण शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोटाचं जुनं दुखणं दिसतंय. सालभर टिकत न्हाई." दुसरा म्हणाला, "दिंद्रुडवाल्यांनी तर काही येगळंच सांगितलंतं." पाटलांच्या कपाळावर आठी आली. "आमच्या घरचं अन्न ग्वाड लागंना वाटतं मास्तरास्नी."

आणि आतल्या दाराआडून पाटलीणबाईंचा आवाज आला. "मी दुपारधरनं चुलीपाशी हाय. ताटावर असं रुसणारं मानूस आमाला नगं. सकाळच्या मोटारीनं माघारी धाडा."

खादाड म्हणून दोनदा हाकललेला मी आता खात नाही म्हणून हाकलला जात होतो. म्हशीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. आता लपवून काय उपयोग? मी म्हणालो, "पाटील, खरं सांगतो," आणि सगळं सांगून टाकलं. माझी युक्ती, येसराचा वास, आजोबा, त्यांची मानी शेळी, मावशीची पळी. सांगता सांगता मला जोर चढला. कसा उठलो ते कुणाच्या ध्यानात येईना, म्हणून ताटापुढंच टाचांवर बसून, बूड वीतभर उचलून, करंगळी ताटाला टेकवून दाखवलं. पोट इतकं भरलेलं की तोल गेला आणि मी पाटलांच्या पानाच्या तबकावर जाऊन आडवा झालो.

ढाळज हसली. पोटाचं दुखणं काढणारा तर भिंतीला टेकून डोळे पुसत होता. पाटील हसता हसता म्हणाले, "डायवर हितं जेवतोय!" आणि पुन्हा हसले. मग ते एकदम थांबले आणि आतल्या दाराकडं बघू लागले. मास्तराचा निकाल कुठं लागतो ते मला तेव्हा समजलं.

पाटलीणबाई दारात आल्या. पदर तोंडाला लावलेला, पण खांदे हलत होते.

"म्हंजी खानारं मानूस हाय तर. आजारी न्हाई."

"खानारं तर हाय," दिंद्रुडची बातमी असलेला म्हणाला. "पण वैनी, कढईतली खरवड बी साफ करतंय म्हनं."

"करू द्या की. माजी लेकरं ताटात नुसती चिवडत बसत्यात. ह्याला बघून तरी दोन घास जास्त खातील." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सोमवार आमच्या घरी. आन् मास्तर, सोमवारी येताना त्या मांजरसुंब्याकडं फिरकायचं न्हाई."

"ठरलं मग," पाटील म्हणाले. "तोंड ग्वाड करा."

एक जण उठून गूळ घेऊन आला. सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला, माझ्या हातावर जरा मोठाच. मी तो तोंडात टाकला, आणि पाटील पुढच्या सालाची शाळा कुठं भरवायची ते सांगत असताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, खडा गालात धरून, अगदी सरळ बसून राहिलो. गिळायचं धाडस मला सकाळपर्यंत झालं नाही.