पडवीतली चूल

ये गं, अशी जवळ बस. कागदावरच का होईना, पण बस. लग्नाला किती पावसाळे उलटले आणि तुझं नाव अजून आमच्याच रेशनकार्डावर. विचारलं की म्हणतेस, आई, पुढच्या रविवारी. अगं, इथून नाव कमी केल्याचा दाखला नेल्याशिवाय आचोळ्याला सासरच्या कार्डावर तुझं नाव चढणार कसं? आणि इकडे तपासणी आली तर मी काय सांगू, मुलगी आत झोपलीय?

हसशील तू. मला हसू येत नाही, त्याला कारण आहे.

तू लहान होतीस, तेव्हाची गोष्ट. वटारच्या घरी आपण सगळे एकत्र. तुझ्या बाबांची कंपनी बंद पडली. मोठ्या काकांना मुंबईत पगाराची नोकरी, पण एकाच्या पगारावर दोन संसार किती दिवस ओढायचे? म्हणून मी पडवीत चूल मांडली. भांडण नव्हतं, तरी तुझ्या आजीला ते लागलं. ती काकीकडे जेवायची, माझ्या चुलीकडे बघायचीसुद्धा नाही.

तेवढ्यात कमाईप्रमाणे रंगीत रेशनकार्डं निघाली. दुकानदार म्हणाला, घरात माणसं किती, कमाई कुणाची, चूल एक की दोन, ते महिनाअखेरपर्यंत कळवा. नाहीतर जुन्या कार्डावरचंच धरतील. जुन्या कार्डावर काकांचा पगार. म्हणजे आपल्याला पिवळं कार्ड नाही, आणि पिवळं नाही तर स्वस्त गहू-तांदूळ नाहीत.

माझा जीव थाऱ्यावर राहिना. बसल्या जागेवरून उठायचे, डब्यात हात घालून तांदूळ चाचपायचे, परत येऊन बसायचे. तुझ्या बाबांना म्हटलं, दादांशी बोला. तर म्हणे, आई जिवंत असताना वेगळे झालो असं सरकारला कुठल्या तोंडाने सांगू? शेवटी मीच जाऊबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? यांची सही मी आणते. तू येरझाऱ्या घालून पडवी झिजवू नकोस."

वेगळ्या कार्डाचा अर्ज वेळेत गेला. सुटले म्हटलं. पण तपासायला माणूस यावा कुठल्या दिवशी? तुझ्या आजोबांच्या श्राद्धाला.

श्राद्धाला आपल्यात चूल एकच पेटते, आतली. आम्ही दोघी जावा तिथे वडे तळतोय आणि पडवीत माझी चूल थंड, राखेत मांजर झोपलेलं. त्याने वाकून पाहिलं. म्हणाला, "बाई, ही चूल पेटते तरी कधी? स्वयंपाक तर आत एकत्रच चाललाय." मी सांगतेय, आजच्या दिवस तेवढा, पण त्याने पेन उघडलं होतं. हात पिठाने भरलेले, पुसायचंही मला सुचेना.

आजी ओट्यावर कावळ्याची वाट बघत होती. तिथूनच बोलली, "सराधाला चूल एक. एरवी दोन."

इतके महिने जे तिने घरात मानलं नव्हतं, ते परक्या माणसाला सांगितलं. त्याने विचारलं, मग आजी, तुम्ही कुणाकडच्या? जाऊबाई झारा हातात धरून तशाच उभ्या. आजी म्हणाली, "माजं नाव धाकटीच्यात लिव. आजपासून मी हिच्या चुलीवर."

संध्याकाळी खरंच आपलं ताट आणि पाट घेऊन पडवीत आली. पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, मीठ कमी आहे. पिवळं कार्ड आलं, त्यात तिचं नाव होतं. तिच्या वाटणीचं धान्यही आपल्या डब्यात पडायला लागलं. उगाच नव्हती आली ती.

ती गेली तेव्हा दिवसकार्य आटोपताच मी नाव कमी करायला गेले. कारकून म्हणाला, एवढी घाई कशाला? मी म्हटलं, तिने उघडपणे लिहवून घेतलेलं नाव आहे, त्यावर चोरून धान्य नको.

म्हणून तुझ्यामागे लागते. येत्या रविवारी ये, जावयांनाही आण. अर्ज भरून ठेवलाय, सही तेवढी कर. आता गॅस आहे, तरी तुझ्यासाठी पडवीतली चूल पेटवीन. उशीर नको करूस. पडवी आधीच फार झिजलीय.