खिडकीखालची विचारपूस

तीन वर्षांपूर्वी दोंडाईच्याजवळ, शाळेत शिकवायला जाताना, माझ्या मोटारसायकलला म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. माझी मात्र मांडी, तीन बरगड्या आणि चष्मा मोडला. धुळ्याच्या एका दवाखान्यात मांडीत सळई घातली.

डॉक्टरबाईंनी बायकोला बजावलं, "एवढा मार बसला की शरीर आधी खवळतं, मग थकतं. जंतूंशी लढायची ताकद कमी होते. भेटायला कुणी नको."

"मोडलीय मांडी," मी म्हणालो, "जंतूंचा काय संबंध?"

"हाडं चारच मोडलीत, पण धक्का सगळ्या शरीराला बसलाय, सर."

तिसऱ्या दिवशी माझे चुलते, नाना, नाक पुसत आले. बायकोनं दारातच अडवलं. "नाना, कोणालाच सोडत नाहीत."

"मी कोणी शे का? मी तं घरनाच शे!" नाना अहिराणीत गरजले.

आत येऊन त्यांनी माझ्या तोंडाशी तोंड आणलं, "कसं शे रे?" विचारलं आणि लागोपाठ पाच वेळा शिंकले.

दोन दिवसांत मला ताप भरला, छातीत कफ दाटला. न्यूमोनिया. बरगड्या मोडलेल्या माणसानं खोकायचं म्हणजे उशी छातीशी आवळायची, डोळे मिटायचे आणि मन घट्ट करायचं. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुखतं म्हणून तुम्ही खोल श्वास घेत नाही, त्यानंही होतं. नानांवरच ढकलू नका." बायकोनं निकाल आधीच दिला होता. यापुढे भेट फक्त खिडकीतून.

खोली पहिल्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी नाना दहा-बारा गाववाल्यांना घेऊन खाली पार्किंगमध्ये उभे राहिले आणि ओरडले, "संडास व्हयनी का रे?"

चार दिवस झाली नव्हती. मी हातानंच नाही म्हणालो. शेजारच्या खिडक्यांतून अनोळखी पेशंटांनी हळहळ व्यक्त केली. एकानं एरंडेल सुचवलं. मला हसू आवरेना, आणि हसलं की बरगड्यांतून कळ जाई.

"हसवू नका हो त्यांना!" बायको वरून ओरडली.

"आम्ही कोठे हसाडी ऱ्हायनूत? बठ्ठं गाव इचारी ऱ्हायनं!" नाना खालून म्हणाले. सगळं गाव विचारत होतं, हे मात्र खरं.

दोन दिवसांनी नर्सनं खिडकीतून जाहीर केलं, "झाली!" खाली टाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात ताप उतरला. वॉकर धरून गाडीत बसायला निघालो, तेव्हा नाना दोन मास्क लावून दहा हात लांब उभे होते.