टोक वाकलेला चमचा

हात भाजल्यामुळे बायको पट्टी बांधून बाहेरच्या खोलीत बसली होती, म्हणून आज चहा मी केला. पातेलं उचललं आणि त्याचा प्लॅस्टिकचा दांडा मुठीतच फिरला. अर्धा चहा ओट्यावर सांडला.

"हे वापरतेस तरी कसं?" मी आतून ओरडलो.

"गॅसवर ठेवायच्या आधी चमच्यानं स्क्रू आवळायचा. रोज सैल होतो," ती म्हणाली. "परवा विसरले."

खणात टोक वाकलेला तो चमचा होता. असलं भंगार कशाला ठेवतेस, म्हणून मी तिला कितीदा बोललो होतो. माझा स्क्रूड्रायव्हर मात्र कपाटात, डब्यात, तेल लावून ठेवलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा माझाच नियम. संसार बरा चाललाय असं आपण चारचौघांत सांगतो, पण तो रोज कोण आवळतं, हे विचारायचं राहूनच जातं.

स्क्रूड्रायव्हर काढून आणला; दांडा घट्ट करायला दोन मिनिटं लागली. पातेलं तिच्यापुढे नेलं. तिनं डाव्या हातानं दांडा हलवून पाहिला.

"बरा बसलाय," ती म्हणाली. "पण चमचा टाकू नका."