मासवणचा ओढा, पिवळं जाकीट आणि न मिळालेला मासा

मासे पकडायला शिकवणं ही नोकरी असते, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं आणि तेही पोटच्या पोरीकडून. केतकी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चांगली चिकटली होती. गेल्या वर्षी हिमाचलला फिरायला गेली, तिथल्या झऱ्यांच्या ओढ्यांत ट्राउट मासे पकडायला शिकली, आणि आता तिथल्या एका तंबूवाल्याने तिला मार्चपासून पर्यटकांना शिकवायला बोलावलं. मी साताऱ्याहून इथे येऊन सव्वीस वर्षं कारखान्यात पाळ्या केल्या, त्या काय यासाठी? मी साफ नाही म्हणालो. ती म्हणाली, एक दिवस माझ्याकडून शिका आणि मग नाही म्हणा.

आपल्याकडे ट्राउट नाही, त्याला बर्फासारखं थंड पाणी लागतं. पण केतकीच्या मते हात बसवायला बोटभर मासेही चालतात. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही स्कूटरवरून निघालो. तुम्ही जाणार असाल तर बोईसरहून सातच्या आत निघा, नंतर टँकरच्या मागे धूर खात बसावं लागतं. पालघरला नाश्ता उरकून घ्या, पुढे धड काही मिळत नाही. आम्हा दोघांची मिसळ आणि चहा दोनशेच्या आत झाला. तिथून मनोरच्या रस्त्याने मासवण अर्ध्या तासावर आहे. गावात विचारूनच ओढ्यावर उतरा.

मी तयारीनिशी गेलो होतो. पायात कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट, अंगावर चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट. पाण्याजवळ काम म्हटलं की सुरक्षा आलीच. केतकीने नुसतं बघितलं आणि गप्प बसली. तेव्हाच बोलली असती तर माझे दोन तास वाचले असते.

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला गांडूळ नसतं, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन नाही, म्हणून जाड दोरीच हवेत मागे-पुढे फेकायची. काठी कानापर्यंत मागे न्यायची, दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. हे थांबणं मला जमेना. पहिली माशी करवंदाच्या जाळीत गेली, दुसरी माझ्याच टोपीत रुतली, तिसरी कुठे गेली ते अजून माहीत नाही. टोपी आणि चष्मा घालाच, कानाडोळ्यांचा प्रश्न आहे. दर वेळी केतकी दोरी सोडवायची आणि म्हणायची, "परत." दोन तासांत एक मासा फिरकला नाही. माझा पारा चढला होता. मासेच नाहीत या ओढ्यात, असं मी जाहीर करून टाकलं.

पलीकडच्या काठावर लाकडाचा भारा घेऊन चाललेले एक वयस्कर गृहस्थ मगापासून थांबून बघत होते. जवळच्या पाड्यावर त्यांची शेती. ते शांतपणे म्हणाले, "मासं हायेत. तुमीच त्यांना दिसताव. ह्यो पिवळा कोट काडा, नि पाय आपटू नका. मासा आंधळा नाय."

केतकी तोंड फिरवून हसत होती. तिला सकाळपासून माहीत होतं. मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. जाकीट काढलं, बूट काढले, या वयात गुडघ्यांवर रांगत काठापर्यंत गेलो. मग दिसले. दगडाच्या सावलीत सात-आठ चंदेरी मासे, तोंडं प्रवाहाकडे करून स्थिर. माशी नीट पडली. एक मासा वर आला, त्याने ती तोंडात घेतली, आणि मी जाम झालेला व्हॉल्व्ह उघडावा तसा हिसका दिला. मासा गेला, माशीही गेली. मी तोंडाला येईल ते बोललो.

केतकीने नवी माशी बांधली. "परत," म्हणाली. आवाज सकाळी होता तोच.

केळव्याला तिला स्कूटर शिकवली, तेव्हा तिसऱ्या चुकीला मी भर रस्त्यात ओरडलो होतो आणि ती रडत चालत निघाली होती. इथे माझ्या चाळीस तरी चुका झाल्या असतील. मला लाज वाटली. एवढा धीर ही पोरगी माझ्या घरात कुठून शिकली, कोण जाणे. माझ्याकडून नक्कीच नाही.

मासा शेवटपर्यंत मिळाला नाही. तीनला निघालो, पाचला घरी. उजवा खांदा उचलवत नव्हता. चहा झाल्यावर मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हो म्हणून कळव त्या लोकांना."

"कालच कळवलंय, बाबा."

मी भडकलोच. मग दिवसभर मला चिखलात कशाला लोळवलंस, असं विचारलं.

"जायच्या आधी एकदा तरी तुम्ही माझं काम बघावं, म्हणून."

 मी विचारलं, माझ्यासारख्याला नीट शिकायला किती दिवस लागतील. आठवडा तरी, ती म्हणाली, तोही तिकडेच. सोमवारी मी एप्रिलच्या रजेचा अर्ज टाकला.