नियमित उपासनेचं पत्र

नोव्हेंबर लागला की आमच्या मंडळीत गर्दी वाढते. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची ही छोटीशी मंडळी, दुसऱ्या एका चर्चची इमारत मागून घेऊन रविवारी दुपारी उपासना करणारी. एरवी पुढचे चार बाक ओस पडलेले असतात. नर्सरीच्या प्रवेशाचे फॉर्म निघायची वेळ आली की मात्र तिथे बसायला जागा मिळत नाही. मिशनच्या काही नावाजलेल्या शाळांत ख्रिस्ती मुलांसाठी राखीव जागा असतात, आणि त्यासाठी मंडळीचं पत्र लागतं, की हे कुटुंब नियमित उपासनेला येतं. याद्या लागल्या की बाक पुन्हा रिकामे.

ते पत्र मी लिहिते. सरकारी कचेरीत स्टेनो म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे निवृत्त झाल्याबरोबर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. हजेरीची वही माझ्याकडे असते. मी वही बघून पत्र टाइप करते आणि मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, माझ्या शब्दावर सही करतात.

या दिवसांत प्रार्थनेच्या विनंत्या ऐकवत नाहीत. पूर्वी लोक उभे राहून आजाऱ्यांसाठी प्रार्थना मागायचे, कुणाच्या तुटलेल्या संसारासाठी मागायचे. आता शाळांची नावं सांगतात, पहिली पसंती, दुसरी पसंती. एका गृहस्थांनी तर घरापासून शाळेचं अंतरही सांगितलं, जणू देवाला दिल्लीचा नकाशा ठाऊक नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिलांच्या सभेत मी त्यावर अर्धा तास बोलले. म्हटलं, देवाच्या जागी बसवलेली मूर्ती दगडाचीच असते असं कुणी सांगितलं तुम्हाला? जी मिळाली नाही तर आपलं सगळं संपलं असं वाटतं, ती आपली मूर्ती. मग ती शाळा असो, व्हिसा असो, नाहीतर गुडगावातली नोकरी. बायकांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी नंतर येऊन माझा हात हातात घेतला आणि मला फार बरं वाटलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी कॅन्टोन्मेंटमधून एका जवानाची बायको पत्र मागायला आली होती. साताऱ्याकडची, विशीतली, कडेवर मुलगी. मी वही उघडून बोट ठेवलं. वर्षात पाच रविवार.

"पाच रविवारांना नियमित म्हणत नाहीत," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. तिने बाप्तिस्म्याचा दाखला पिशवीत परत ठेवला आणि गेली. मी हे नंतर चारचौघींत अभिमानाने सांगितलं होतं.

गेल्या हिवाळ्यात पत्र मागायला माझा मुलगा आला. तो द्वारकेला राहतो, नोकरी गुडगावात, रविवारी दुपारपर्यंत झोपतो. दोन वर्षांत उपासनेला तीनदा आला, दोन नाताळ आणि एक ईस्टर. शनिवारी सकाळी सून आणि नात यांना घेऊन आला, करोल बागेतून माझ्यासाठी घेतलेली शाल घेऊन.

"आई, एक लेटर लागेल."

"तू येतोस कुठे?"

"यार आई, सगळेच घेतात."

"तिथे लागली की तिचं आयुष्य सेट होईल, आई," सून म्हणाली. "तुम्ही लिहायचं फक्त, बिल्कुल फॉर्मॅलिटी आहे."

नात सोफ्यावर पालथी पडून माझ्या जुन्या डायरीत गोळे काढत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि आत जाऊन पत्र टाइप केलं. "नियमित" हा शब्द टाइप करताना माझं बोट अडखळलं नाही. संध्याकाळी पाळकसाहेबांनी न वाचता सही केली. खरं सांगते, मुलाने विचारण्याच्या कितीतरी आधीपासून मी नातीला त्या शाळेच्या गणवेशात बघत होते.

दुसऱ्या दिवशी उपासनेला गेले तेव्हा पत्र पर्समध्ये होतं. संपल्यावर मुलगा फाटकाशी येऊन ते घेणार होता. विनंत्यांची वेळ झाली. शाळांची नावं सुरू झाली आणि मी सवयीने चिडले. मग मागच्या बाकावरून ती जवानाची बायको उभी राहिली. नवरा सरहद्दीवरच्या उंच चौकीवर गेलाय, आठ दिवस फोन नाही, असं तिने सांगितलं. आणि तिथल्या तिथे डोळे मिटून म्हणाली, "देवा, त्यांना सुखरूप आण. आणि नाही आणलंस तरी मला सोडू नकोस."

ती खाली बसली. माझ्या तोंडून आमेन निघेना. ही बाई पाचच रविवार का आली, हे मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. आता चिडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

फाटकाशी मुलगा उभा होता. मी त्याच्यासमोर पत्र फाडलं.

"दुसरं देते," मी म्हटलं. "दोन वर्षांत तीन वेळा, असं लिहून."

"तुझ्या नावासाठी माझ्या मुलीचं नुकसान करणार तू?"

"तिचं भलं एका शाळेच्या हातात आहे, असं तुला कुणी शिकवलं?"

"तू," तो म्हणाला. "बारावीला दोन महिने मला चर्चला येऊ दिलं नव्हतंस. क्लास होता म्हणून."

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी मीच त्याच्या हातात डबा देऊन दिवसभराच्या क्लासला पिटाळत असे. देव समजून घेईल, असं म्हणत असे.

खरं पत्र मी सोमवारी पाळकसाहेबांना सगळं सांगून, त्यांची बोलणी खाऊन मुलाकडे पाठवलं, आणि त्याने फॉर्मला तेच जोडलं. त्या जवानाचा घरी फोन नंतर दोन दिवसांनी आला. मी त्याच्या बायकोची माफी मागितली, आणि तिने ती दिली.

जानेवारीत यादी लागली. मी मोबाइलवर तीनदा वरपासून खालपर्यंत बघितली. नातीचं नाव नव्हतं. मुलाने फोन केला नाही, मी केलेला उचलला नाही. चहाचं आधण तसंच उकळत ठेवून मी ओट्यापाशी उभी राहिले आणि देवाशी मोठ्याने भांडले. मी खरं लिहिलं, पोटच्या मुलाशी वैर घेतलं, आणि तुला एक नाव त्या यादीत घालता आलं नाही?

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. पत्र फाडताना मी सौदा केला होता. मी खरं लिहिते, तू प्रवेश दे. शाळा होती तिथेच, सगळ्यात वर बसलेली होती, आणि देवाला मी तिच्या दाराशी शिपाई म्हणून उभं केलं होतं. मी गॅस बंद केला आणि फरशीवर गुडघे टेकले. क्षमा मागितली, पण राग अजून गेला नव्हता, तेही त्याला सांगितलं.