तार उतरवणारे भावजी

गाण्यातलं जे कुणालाच ऐकू येत नाही तेवढंच वाजवण्यात आयुष्य घालवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला धाकटा दीर म्हणून आला. भावजी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. लातूर जिल्हा नवाच झाला होता, त्यांना कलेक्टर कचेरीत कारकुनी मिळाली होती. दिवसभर कागद सरकवून संध्याकाळी ते लग्नाच्या मांडवात नाहीतर गणपतीपुढे स्टेजच्या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात उभे राहायचे. गिटार म्हटलं की लोकांना सहा तारा ठाऊक. भावजींच्या गिटारीला चारच. गल्लीतली माणसं काळजीनं विचारायची, "बाकीच्या दोन कवा बसवायलाव?" सुरुवातीला ते समजावून सांगायचे. पुढं पुढं "पगार झाल्यावर" म्हणून मोकळे होऊ लागले.

गाणारी बाई चांगली गायली की वाईट, हे त्यांना कधी सांगता आलं नाही. पण पिठाच्या गिरणीचा पट्टा ढिला झालाय हे त्यांना रस्त्यावरूनच कळायचं, आणि ते आत जाऊन तसं सांगायचेही. गिरणीवाल्याला याचा आनंद व्हायचा असं नाही. त्या साली दुष्काळ होता. टँकर आला की आम्ही बायका घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर जायचो, आणि इकडे भावजी रिकाम्या होत चाललेल्या पिंपाच्या तोंडावर थाप मारून म्हणायचे, "वहिनी, काल सूर वर होता. आज बघा कसा खाली आलाय. वा!" मी म्हटलं, "वा काय? अंघोळीला तांब्याभर उरलंय, तेवढं सुरात घ्या."

त्याच सुमारास त्यांना नवं खूळ लागलं. ऑर्केस्ट्रातल्या गायकाचा घसा धुरळ्यानं बसला होता, त्याला सगळी गाणी खालच्या पट्टीत लागायची, आणि तिथवर भावजींची सगळ्यात जाड तारही पोचायची नाही. मग त्यांनी तिची खुंटी पिळून तीच तेवढी एक पूर्ण सूर खाली उतरवली. बाकीच्या तिघी होत्या तशाच. घरातल्या स्पीकरच्या खोक्याला गिटार जोडून ही तार छेडली की माझ्या मांडणीवरची ताटं थरथरायची. अडचण एवढीच होती, की त्या तारेवरचा प्रत्येक सूर आता दोन पडदे पुढं सरकला होता आणि ही बातमी बोटांपर्यंत पोचायला वेळ लागत होता. मुदखेडच्या एका लग्नात भावजी विसरले. चूक सगळ्या मांडवाला ऐकू आली, पण ती कुणाची हे कळलं नाही, त्यामुळे बोलणी ऑर्गनवाल्यानं खाल्ली. घरी आल्यावर भावजी मला म्हणाले, "वहिनी, माझं वाजवणं आज पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आलं."

अशा माणसाचं लग्न कसं जमायचं? 'ऑर्केस्ट्रावाला' म्हटलं की मुलीकडचे चहा न घेताच उठायचे. उदगीरच्या एका तुरीच्या अडत्याची मुलगी तेवढी वेगळी निघाली. बघण्याच्या वेळी तिनंही विचारलं, चारच तारा का? पण ती उत्तर संपेपर्यंत ऐकत बसली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. त्या दिवसापासून भावजी जेवताना उगीच हसायचे. हे जमलं नाही तर हा माणूस दुसरीकडं बघणार नाही, हे मला दिसत होतं. आता फक्त तिच्या वडिलांनी आमचं घर बघून होकार द्यायचा राहिला होता. त्यांना कमी ऐकू यायचं. हे उदगीरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांना मान्य नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ते आले. पाणी किती उरलंय ते बघायला पिंपात हात घातला, मान हलवली, टोपी काढून बसले. चहाची बशी तोंडाला लावताना त्यांची नजर गिटारीवर गेली. "ह्ये काय?" भावजींनी गिटार उचलली आणि घाबरून भलत्याच ठिकाणाहून सुरुवात केली. "ही जाड तार उतरवलीय."

"काय म्हणलाव?"

"तार! तार उतरली!" भावजी ओरडले.

म्हाताऱ्यांनी बशी खाली ठेवली. "तूर उतरली? सकाळी तर चढती होती!" आणि आम्ही तोंड उघडायच्या आत पायांत चपला सरकवून ते मोंढ्याकडं, धान्याच्या बाजारात, धावत सुटले. त्यांचं गोदाम तुरीनं भरलेलं होतं.

भावजी गिटार धरून तसेच उभे. "वहिनी, मी काय बोललो?"

"काही नाही. सासऱ्यांचं दिवाळं काढलंत. बसा. त्यांची टोपी राहिलीय, टोपीसाठी तरी येतील."

आले. घामाघूम आणि लाल. "कोन म्हणलं तूर उतरली? समदा बाजार माझ्यावर हसायलाय!" मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आवो, तूर न्हाई, तार!" ते जवळच्या स्पीकरच्या खोक्यावर धपकन बसले. "तार? मग तिच्यासाठी येवढं बोंबलायचं कशाला?"

भावजींनी खोक्याचं बटण दाबलं आणि ती तार छेडली. ताटं वाजली. दोन्ही तळवे म्हाताऱ्यांनी खोक्यावर टेकवले.

"पुन्ना वाजवा."

भावजींनी वाजवली.

"ह्ये ऐकू आलं," ते म्हणाले. "बारीक आवाज समदे गेले माझे. पोरगी काय बोलती कळत न्हाई, नुसती मान हालवतो. ह्ये मातर आलं." मग टोपी चढवून उठले. "पोरगी दिली. पर तार चढवायची न्हाई."

पुढं ते असेपर्यंत दर बाजाराला आमच्याकडं यायचे. खुर्ची दिली तरी खोक्यावरच बसायचे. सासरे-जावई एकमेकांशी चार शब्दही बोलायचे नाहीत, आणि दोघंही खूश असायचे. मग एका उन्हाळ्यात ते गेले. ऑर्केस्ट्राही मोडला, सगळं आता एका मशिनीवर वाजतं. भावजींची बदली नांदेडला झाली.

परवा त्यांच्याकडं गेले होते. माझ्या जावेचे कान वडिलांच्या वळणावर गेलेत. मी दारातून हाका मारल्या, तिला पत्ता नाही. भावजी उठले आणि त्यांनी ती उतरवलेली जाड तार एकदाच छेडली. पदराला हात पुसत ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय म्हणलाव?"

भावजी काही म्हणालेच नव्हते. तरी ती जागची हलली नाही, खोक्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि त्यांनी पुन्हा वाजवली. चहा ठेवायचा राहिलाच होता. मी आत गेले.